संत्र्याच्या वासाचा अंगठा

संत्रं सोललं की आजही माझे तळपाय गार पडतात.

सौसरला आमचे योगाचे गुरुजी बगीच्यातली संत्री तोडूनच सकाळी वर्गावर येत. शेवटी शवासन. तेही समोर आडवे होत, मग उठून एकेकाच्या पायाच्या तळव्याला अंगठा लावत. नियम एकच: "मी अंगठा लावल्याबिगर कोणी उठाचं नाही. शिष्य हाय तं गुरूवर सोडून द्यावं."

त्या सकाळी शवासन फारच लांबलं. सतरंजीतून फरशीचा गारवा पाठीत शिरला, ऊन पापण्यांवर आलं. मी कुजबुजले, "मावशी, लय वेळ होऊन राहिला ना?"

शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पडून राय बाई. गुरुजीनं उठवलं नाही अजून."

मग माझ्या तळव्याला अंगठा लागला. थंडगार. संत्र्याच्या सालीचा तोच वास आला. मी उठून बसले.

सगळे डोळे मिटून पडले होते. समोर गुरुजीही. जवळ जाऊन हात लावला. ते केव्हाच गेले होते.

तेव्हा मी किंचाळले होते. आता मीच वर्ग घेते. सगळ्यांना उठवून घरी पाठवते आणि रिकाम्या खोलीत एकटी शवासनात पडते. आपणहून उठायची वेळ माझ्यावर अजून आलेली नाही.