अण्णांचा रुमाल आणि वस्तादाचा गुडघा

"ह्या बाईंनी हात मोडला माझा!" अण्णा सुपरिंटेंडेंट साहेबांच्या टेबलासमोर उभे राहून ओरडत होते. हातवारे चालले होते ते अर्थात दुसऱ्या हाताने.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अण्णा आपले ट्रस्टी आहेत. सॉरी म्हणा आणि विषय संपवा. नाहीतर तुमच्या डिपार्टमेंटचा मला विचार करावा लागेल."

डिपार्टमेंट म्हणजे एक खोली. सत्तरच्या दशकात मी मुंबईहून फिजिओथेरपी शिकून सोलापूरच्या त्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात लागले, तेव्हा खोलीत एक टेबल, मेण वितळवायचं भांडं आणि भिंतीला एक कप्पी होती. अख्खं हॉस्पिटल तिला 'मालिशखाना' म्हणायचं. साहेबांना ती सलाइनची खोकी ठेवायला हवी होती. खोली गेली की माझी नोकरीही गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

अण्णा चाटी गल्लीतले कापडाचे व्यापारी. त्यांना फ्रोजन शोल्डर झाला होता. म्हणजे खांद्याच्या सांध्यावरचं आवरण आखडतं आणि हात वर जाईनासा होतो. अण्णांना जेवता येत होतं, गल्ल्यावर बसता येत होतं, पण डोक्याला रुमाल बांधता येत नव्हता. रुमालाला दोन्ही हात डोक्यावर न्यावे लागतात. दिवाळीपासून ते टोपीवर भागवत होते. वैशाखात मुलीचं लग्न होतं. स्वतःला बांधता आला नाही, तर धाकट्या भावाने बांधून द्यायचा, असं घरात ठरलेलं. आणि दुकानाची वाटणी झाल्यापासून भावाभावांतून विस्तव जात नव्हता.

"त्याच्या हातनं रुमाल? त्यापेक्षा मांडवात बोडका बसतो," अण्णा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते.

त्या दिवशी मी मेणाचा शेक दिला, मालिश केलं, मग सांधा हळूहळू हलवून सैल केला. आणि बजावलं, "उद्या अंग आंबल्यासारखं दुखेल. बरेच दिवस न वापरलेला स्नायू कुरकुर करतो, पहिल्यांदा जोर-बैठका काढल्यावर करतो तशी. एक-दोन दिवसांत जाईल. दुसरं काही करू नका, काही लावू नका."

अण्णा टेबलावर नाराज बसले होते. "झालं? एकदा पण वरडलो न्हाई की ओ मी."

त्यात त्यांचा दोष नव्हता. मालिश म्हणजे तालमीतल्या वस्तादाचं, आणि त्यात माणसाची बोंब शेजारच्या गल्लीत ऐकू गेली पाहिजे, अशी गावाची ठाम समजूत होती.

तर आता साहेबांसमोर मी म्हटलं, "अण्णा, जरा खांदा दाखवा."

ते आढेवेढे घेत होते. शेवटी सदरा बाजूला सरकला. खांद्यावर निळे वळ होते, आणि त्यांवर काळ्या ठिपक्यांभोवती फोड. बिब्बा! दुखऱ्या जागी बिब्ब्याचं तेल गरम करून टोचतात. तो उतला की कातडी भाजल्यासारखी होते.

"हे कोणी केलं?"

"दुसऱ्या दिवशी दुखाय लागलं ओ. म्हटलं, वा, गुण येतोय! मग थांबायचं कशाला? वस्तादाकडं गेलो. त्यानं पाठीत गुडघा रोवून हात वर वढला. रातभर झोप न्हाई. मग घरच्यांनी बिब्बा घातला."

"मी नको म्हटलं होतं ना?"

"व्हय, म्हटलं होतं की. पण साहेबच म्हणाले, बायकांच्या हातात काय जोर असतोय, वस्तादाला एकदा दाखवा."

साहेबांना एकदम राउंडची आठवण झाली.

मी म्हटलं, "सर, सॉरी कुणी म्हणायचं ते ठरलं की मला कळवा." त्यांनी अजून कळवलेलं नाही.

फोड सुकेपर्यंत काहीच करता आलं नाही. पुढे शेक, कप्पी, भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं. दर वेळी अण्णांचा हट्ट, "जरा दुखवा की, बाई." दर वेळी माझं उत्तर एकच. एक-दोन दिवसांत ओसरतं ते दुखणं आपलं. झोप उडवतं ते आपलं नाही.

लग्नाला मलाही बोलावणं होतं. मांडवात अण्णा आरशासमोर बसले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन रुमाल बांधू लागले. मागचा एक पेच घसरला. धाकट्या भावाचा हात पुढे आला. "राहू दे," अण्णा म्हणाले आणि पेच स्वतःच खोचला. माझा गळा दाटून आला, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात एका पाहुण्याने विचारलं, "हात कुणी बरा केला ओ?"

"वस्तादानं," अण्णा माझ्या देखत म्हणाले. "एका झटक्यात सोडवला. ह्या बाईंनी मागनं जरा चोळलं."

गळा जागच्या जागी मोकळा झाला. खोली मात्र वाचली. ज्या ट्रस्टींचे दोन्ही हात वर जातात, त्यांच्यासमोर तिचा विषय काढायची साहेबांना हिंमत झाली नाही.

या आजाराची एक खोड आहे. एक खांदा सुटला की काहींचा दुसरा धरतो. पुढच्या वर्षी अण्णांचा धरला. ते सरळ माझ्या खोलीत आले आणि सदरा काढून टेबलावर बसले.

मी विचारलं, "वस्ताद गावाला गेलेत का?"

अण्णांनी आधी दाराकडे पाहिलं.

"हायेत की," ते हळूच म्हणाले. "पण लई दुखतंय ओ त्येनं."

एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी हेच शिकले. श्रेय दुखवणाऱ्याला मिळतं. दुसरा खांदा आपल्याकडे येतो.