शालनच्या मुलाखतीला आम्ही सगळे

एकाहत्तर सालच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, राहुरी तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत माझी धाकटी बहीण शालन हिच्यावर घोर अन्याय झाला. अन्याय करणारा इसम अद्याप मोकाट आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवतो आणि प्रस्तुत मजकूर लिहितो आहे.

शालन त्या वर्षी मॅट्रिक पास झाली होती. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिच्यासाठी जामखेडचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. "मला एवढ्यात नाही करायचं लग्न," शालन म्हणाली. अण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली (आमच्या घरात विचार असाच करतात) आणि म्हणाले, "दिवाळीच्या आत नोकरी लागली, तर दोन वर्सं लग्नाचं नाव काढनार न्हाई. न्हाई लागली, तर गुमान बोहल्यावर उभं ऱ्हायचं. हाय कबूल?"

"हाय," शालन म्हणाली.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मी मदतीला धावलो.

मी नगरच्या कॉलेजातून नुकताच पत्रकं लिहायला शिकून आलो होतो. महागाईविरुद्ध, वसतिगृहातल्या आमटीविरुद्ध, आणि एकदा घाईघाईत आमच्याच आधीच्या पत्रकाविरुद्ध! गावातली पोरंपोरी मॅट्रिक होतात, पण अर्ज कसा करावा, मुलाखतीत काय बोलावं, हे त्यांना एकही मास्तर शिकवत नाही, याची मला भयंकर चीड आली. (अजूनही येते. पानिपतात कोण कुठे पडलं ते पाठ करून घेतात, आणि पोरगं कचेरीच्या दारात पडलं तर उचलायला कुणी नाही!) मी शाळेच्या पडवीत वर्गच काढला.

"पहिली गोष्ट," मी गरजलो, "'विनंती' खोडा, 'मागणी' लिहा. 'आपला आज्ञाधारक' असं लिहील त्याला मी वर्गाबाहेर काढीन!"

शिंप्याचा युनूस, वर्गातला सगळ्यात शंकेखोर, म्हणाला, "मग खाली काय लिहायचं, भाऊ?"

"'होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.'"

"आपन नोकरी मागतोय का खंडणी?"

"युनूस, हीच ती गुलामगिरी!"

मग मुलाखतीची तालीम. युनूसला पालथ्या पिंपावर साहेब करून बसवला. समोर शालन. युनूस म्हणाला, "बसा." शालन बसली.

"चूक!" मी ओरडलो. "बसा म्हटल्यावर बसायचं नाही. आधी विचारायचं, बाकीचे का उभे आहेत?"

एवढ्यात कारखान्याला टेलिफोनच्या बोर्डावर बसून फोन जोडून द्यायला माणूस हवं असल्याची बातमी आली. जागा एक. मी अख्ख्या वर्गाला अर्ज करायला लावले. बोलावणं आलं ते एकट्या शालनला. (तिने माझ्या मजकुराखाली गुपचूप "कृपा व्हावी" एवढं लिहिलं होतं, हे मला मागाहून कळलं.) माझं डोकं तापलं. एकीलाच बोलावतात, म्हणजे हा फूट पाडायचा डाव! जाऊ तर सगळे जाऊ!

"दादा, मला एकटीला जाऊ दे ना," शालन म्हणाली. "मला बोर्ड चालवता येतो. पोस्टात मैत्रिणीजवळ बसून शिकलेय मी."

"शालन, तू एकटी नाहीस!"

"तेच तर रडणं आहे माझं."

आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून निघालो. ट्रॉलीत माणसं उभी राहिली की घोषणा आपोआप सुरू होतात, त्याला माझा इलाज नव्हता. फाटकावरचा वॉचमन आम्हाला पाहून टोपीसकट नाहीसा झाला.

साहेब तसे सज्जन गृहस्थ होते. "बसा," ते शालनला म्हणाले. ती बसणार, एवढ्यात मी दारातून खाकरलो. तिने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून मला जेवू देत नाही. (जेवतो, पण चव लागत नाही.)

"बाकीचे... का उभे आहेत?" तिने कसंबसं विचारलं.

साहेबांनी मान वर केली. दारात वर्ग, खिडकीत युनूस.

"हे कोण?"

"उमेदवार!" आम्ही सगळे.

"बोलावलं एकाच मुलीला होतं."

"म्हणून तर आलो!"

साहेबांनी घाम पुसला आणि शालनला विचारलं, "टेलिफोनवर कुणी चिडून बोललं, तर काय कराल?"

तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण मी जवळच होतो. "जाब विचारू!" मी म्हणालो. "जाब विचारू! जाब विचारू!" वर्ग गरजला. बाहेर ट्रॅक्टरवाल्यानेही आवाज लावला. (त्याला कशाचा जाब ते माहीत नव्हतं, पण गडी हौशी.) कामगार धावत आले, गर्दी झाली, दारातला वर्ग आत रेटला गेला, कुणीतरी बाहेरून कडी घातली. साहेबांना वाटलं, घेराव! त्यांनी टेलिफोन उचलला. "हॅलो! चौकी द्या! हॅलो, कुणी आहे का?"

कुणीच नव्हतं. बोर्डावर माणूस नव्हतं, म्हणून तर हा सगळा खटाटोप!

साहेब रिसीव्हर धरून हताश उभे. तेवढ्यात शालन उठली, आतल्या दाराने शेजारच्या खोलीत गेली, बोर्डासमोर बसली, दांडी खोचली, हँडल फिरवलं आणि स्वच्छ, शांत आवाजात म्हणाली, "चौकी ना? कारखान्यातून बोलतेय. साहेबांना बोलायचंय. जोडून देते हं."

खिडकीतून युनूस तेवढा म्हणाला, "लई भारी!"

चौकी जवळ होती. हवालदार आले. "पुढारी कोण हाय ह्यांच्यात?" त्यांनी विचारलं. सगळ्या वर्गाने एकाच वेळी माझ्याकडे बोट दाखवलं. अशी एकजूट मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

मला नेत असताना साहेब शालनला म्हणाले, "तुझ्यासारखीच मुलगी हवी होती गं आम्हाला. हा तुझा कोण?"

"भाऊ."

"सख्खा?"

चुलत म्हणाली असती, लांबचा म्हणाली असती, तरी मी रागावलो नसतो. शालन म्हणाली, "सख्खा."

साहेबांनी तिचा अर्ज पालथा घातला.

दिवाळीच्या आत दुसरी जागा निघाली नाही; तुळशीचं लग्न झालं आणि पाठोपाठ शालनचं. पाहुणे चांगले आहेत, तिला कशाचा त्रास नाही. पण तिथे आता तिचा तो आवाज म्हशीला हाकायच्या कामी येतो. पाठवणीच्या वेळी मी हुंदके द्यायला लागलो, तर ती कानाशी येऊन म्हणाली, "रडतोस कशाला, दादा? घोषणा दे."

तेव्हा वाचकहो, माझी तुमच्याकडे स्पष्ट मागणी आहे. तुमच्या घरातली मुलगी मुलाखतीला निघाली, तर तिला एकटीला जाऊ द्या. आणि तिचा भाऊ मदतीला उठलाच, तर त्याला दावं लावा, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात उभा करा आणि येईल त्या गिऱ्हाईकाला देऊन टाका. गिऱ्हाईक म्हणेल, दात बघू. काही झालं तरी त्याला तोंड उघडू देऊ नका!