पुजलेला सर्व्हर

खंडेनवमीच्या सकाळी कराडच्या दूध संघात, मॅनेजर मोहितेसाहेबांसमोर मी संघाचा मदतीचा नंबर लावला आणि तो लागला नाही. लागेल म्हणालो. पुन्हा लावला. साहेब पेढा खात माझ्याकडे बघत राहिले.

हा नंबर गुरांच्या डॉक्टरांचा. गाय अडली की शेतकरी तो लावतो आणि कॉल ड्यूटीवरच्या डॉक्टरच्या मोबाइलवर जातो. आज ड्यूटीवर कोण, हे पूर्वी ऑफिसात सगळ्यांना ठाऊक असायचं. सिस्टिम आल्यापासून ते फक्त सर्व्हरला ठाऊक असतं.

सिस्टिम माझीच. फोन, व्हॉइसमेल, व्हिडिओ मीटिंग यांना वेगवेगळी मशीन न घेता एकाच दणकट सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरनं खोल्या पाडायच्या आणि प्रत्येकाला एक द्यायची, याला व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. घरच पडलं तर सगळ्या खोल्या जाणार, म्हणून तसाच दुसरा सर्व्हर मी जतच्या शीतकरण केंद्रात बसवला होता. एक बंद पडला की दुसरा काम उचलतो. वीज जाणं, केबल तुटणं, जेसीबीनं रस्ता उकरणं, सगळं प्लॅनमध्ये धरलं होतं. मला त्या प्लॅनचा जरा गर्वच होता.

म्हणून साहेबांनी पूजेसाठी कराडचा सर्व्हर बंद ठेवू का विचारलं, तेव्हा मी खुशाल ठेवा म्हणालो. जतवर सगळं चालतं हे दाखवायलाच मी आलो होतो.

जतच्या केंद्रावरचे ऑपरेटर बिराप्पा माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांना मोबाइल लावला.

"अण्णा, सर्व्हर चालू आहे ना?"

"न्हाई. पुजलाय."

"बंद करून?"

"खंडेनवमीला एक तरी यंत्र इसाव्याला नको व्हय? कॉम्प्रेसर बंद केला तर दूध नासतंय. मग ह्योच बसवला."

चालू करा म्हटलं, तर पुजलेलं यंत्र दसऱ्याआधी हलवायचं नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मग कराडचा तरी चालू करू म्हटलं. साहेब म्हणाले, चेअरमन आरतीला यायचेत, तोवर नाही.

तेवढ्यात फोनमध्ये मागून एका बाईचा आवाज आला. जवळच्या वस्तीवरच्या शालनबाई सकाळपासून मदतीचा नंबर लावत होत्या. शेवटी लेकाच्या मोटारसायकलवरून केंद्रावर आल्या. त्यांची गाय अडली होती, वासराचा एकच पाय बाहेर दिसत होता. बिराप्पांनी ओळखीच्या दोन डॉक्टरांना फोन करून पाहिला. दोघंही सुट्टीवर.

बिराप्पांच्याही दारात गाई आहेत.

"सायेब, कुठलं बटन?"

"समोरचं, गोल."

"त्येच्यावर भंडारा हाय."

"असू द्या. दाबा."

त्यांनी देवाचं नाव घेतलेलं मला ऐकू आलं. सर्व्हर उठायला वेळ घेतो. तो वेळ मला फार जड गेला. मग शालनबाईंनी तिथूनच नंबर लावला आणि तो लागला. डॉक्टर शेजारच्याच गावात होते.

गाय वाचली, कालवडही. संध्याकाळी बिराप्पांनी फोन करून सांगितलं, तेव्हा मला एकदम मोकळं वाटलं. त्यांनी सर्व्हरची पुन्हा पूजा केली होती, या खेपेला चालू ठेवून.

पुढच्या प्लॅनमध्ये मी एक ओळ वाढवली: कराड आणि जतची खंडेनवमीची पूजा एकाच वेळी करू नये. साहेबांनी सही करता करता विचारलं, हे टेक्निकल आहे का?

"साहेब," मी म्हणालो, "बाकीचं कुठल्याही इंजिनिअरला जमलं असतं."