आठ गेले, सात आले

ट्रॅव्हल ऑफिसात किस्से साठतात ते तिकिटांमधल्या लाल कार्बन कागदांसारखे. कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही, पण ड्रॉवर उघडला की बोटं लाल होतात. शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या एका दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. ऐंशीच्या दशकातली तीन वर्षं मी तिथे काढली. त्यातले बरेचसे किस्से मी एकाच दुपारी ओळीनं आठवले, आणि तेही हौसेनं नव्हे.

त्या दुपारी पहिली खटकलेली गोष्ट अगदी बारीक होती. एक आकडा.

आमचे प्रवासी भारतात जाता-येता एक रात्र नैरोबीला थांबत. तिथला आमचा गाइड जोसेफ त्यांना संध्याकाळी सात ते दहा शहरात फिरवून आणायचा: रस्त्यावर भाजलेलं कणीस, मग जेवण, मग एका क्लबात बँड. सगळ्यांना हॉटेलवर सोडलं की तिथल्या काउंटरवरून तो आम्हाला टेलेक्स करायचा, म्हणजे तिकडे टाइप केलेलं इकडे आमच्या मशीनवर छापून यायचं. आमच्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असायचा. मजकूर ठरलेला: ‘आउट एट, इन एट. ऑल हॅपी.’ आठ गेले, आठ आले, सगळे खूश.

त्या दिवशी मशीन खडखडलं. मी नेहमीप्रमाणे दचकले. शेजारच्या टेबलावर तिकिटं टाइप करणारी डेब्रा नेहमीप्रमाणे म्हणाली, “हनी, इट्स ओन्ली अ मशीन.” आणि कागदावर आलं:

‘आउट एट, इन सेव्हन.’

पुढे काही नाही. ‘ऑल हॅपी’सुद्धा नाही.

त्या आठांतले सात जण फ्रीमाँटचे, दोन कुटुंबं, लग्नासाठी पुण्याला निघालेली. एकमेकांना सोडून ती बाथरूमलाही जात नसत. आठवी माझी आई. ती उलट्या दिशेनं, अकोल्याहून माझ्याकडे येत होती. पहिलाच विमानप्रवास, इंग्रजी म्हणजे ‘थँक्यू’ आणि ‘नो मीट’, आणि सकाळी सातला पुढचं विमान.

मी हॉटेलला फोन लावला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, जोसेफ टेलेक्स देऊन लगेच गाडी घेऊन गेला, घाईत होता. आईच्या खोलीतला फोन कुणी उचलत नव्हतं. मग ऑपरेटरला क्लबचा नंबर दिला. रिंग जात राहिली.

“पुन्हा लाव,” डेब्रा म्हणाली. “आणि तोवर हात रिकामे ठेवू नकोस.”

म्हणून मी जोसेफच्या टेलेक्सची फाइल काढली. मला एकच बघायचं होतं. याआधी कधी या माणसानं एक जण कमी आणला होता का?

*

फाइलमधला सगळ्यात जुना कागद झाडाचा.

आमचे मालक नानाकाका. त्यांचं बालपण नैरोबीत गेलं, वडील तिथे रेल्वेत होते. शिकागोला येऊन त्यांना वीस वर्षं झाली होती, पण नैरोबीचे रस्ते असे सांगायचे की जणू सकाळीच दूध आणायला जाऊन आलेत. ही फिरस्तीची संध्याकाळ त्यांनी खुर्चीत बसून, डोळे मिटून आखली. जोसेफला कळवलं: थिएटरपासून डावीकडे वळा, मोठ्या जांभळाच्या झाडाखाली कणीसवाली बसते, तिच्याकडे थांबा.

जोसेफचं उत्तर: ‘ट्री इज नाउ बँक. कॉर्न लेडी इज नाउ ग्रँडमदर. हर डॉटर सेल्स.’

नानाकाका दोन दिवस नैरोबीबद्दल बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा ढवळताना म्हणाले, “लिंबू-तिखट तरी लावत असतील ना अजून?”

*

दुसऱ्यांदा फोन. रिंग जाते आहे, कुणी नाही.

पुढचा कागद मला काढायचा नव्हता, पण तो मध्येच येतो.

महाराष्ट्र मंडळाच्या अंकात द्यायची जाहिरात मी लिहिली होती. मी आफ्रिका पाहिलेली नव्हती. खरं सांगायचं तर शिकागोही धड पाहिलं नव्हतं, बर्फावरून घसरेन म्हणून. पण मराठी घेऊन एम.ए. झालेल्या मुलीला लिहायला अनुभव कशाला लागतो? मी लिहिलं, ‘चांदण्या रात्री, शेकोटीभोवती, आदिम ढोलांच्या तालावर...’

महिन्याभरानं जोसेफचा टेलेक्स आला. ‘गेस्ट्स आस्किंग फॉर ड्रम्स अँड फायर. वी हॅव गिटार, सॅक्सोफोन अँड इलेक्ट्रिसिटी. प्लीज ॲडव्हाइज.’

डेब्रा शिकागोच्या साउथ साइडची, कृष्णवर्णीयांच्या वस्तीतली. तिचा भाऊ सॅक्सोफोन वाजवतो. तिनं तो कागद वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला आणि टाचणी घेऊन माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. तो कागद आठ महिने तिथे होता.

*

शाकाहाराचा टेलेक्स पाठवायचं काम माझ्याकडे होतं. त्याचाही कंटाळा यायचा. प्रत्येक घराचं शाकाहारी वेगळं. कुणाला अंडं चालतं पण दिसलेलं चालत नाही, कुणाला केक चालतो पण विचारलेलं चालत नाही. डेट्रॉइटच्या बापट काकांसाठी मी लिहिलं: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, कांदा-लसूण नाही, तिखट अगदी कमी.

जोसेफनं विचारलं, ‘इज ही इल?’

मी कळवलं, नाही, ब्राह्मण आहेत. त्यानं त्याचा अर्थ काय लावला कोण जाणे. त्या संध्याकाळी बाकीच्यांना पालेभाजी, घेवडा, मक्याच्या पिठाचा वाफाळता गोळा असं ताटभर जेवण आलं, आणि बापट काकांसमोर आजाऱ्याला देतात तशी कपभर पातळ, आंबट, तपकिरी पेज. काकू घाबरून गेल्या. काकांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

“अगं, ही नाचणीची आंबील आहे,” म्हणाले. “आई करायची तशी.”

तीन कप प्यायले. पुण्याहून परतल्यावर त्यांनी ऑफिसात तक्रारीचा फोन केला. मी उचलला. तक्रार अशी होती की नैरोबीला मुक्काम एकच रात्रीचा का.

त्या टेलेक्सवर आकडे होते: आउट नाइन, इन नाइन.

*

पावणेदोन. ऑपरेटर म्हणाली, “मॅम, नो आन्सर. शॅल आय कीप ट्राइंग?” मी हो म्हटलं. ती दिवसभर कुणाकुणाचे असे फोन लावत असेल. तिचाही आवाज थकलेला होता.

मिलवॉकीच्या देशपांडे काकूंचा दौरा नेमका संकष्टीला आला. चंद्रदर्शन झाल्याशिवाय त्या जेवत नाहीत. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुंबईची वेळ पाहिली, मनातल्या मनात चार मिनिटं वाढवली, आणि टेलेक्स केला: चंद्रोदय नऊ बारा, एका बाईंना कृपया चंद्र दाखवावा.

उत्तर आलं: ‘मून इज नॉट माय डिपार्टमेंट. विल ट्राय.’

त्या दिवशी नैरोबीवर ढग होते. सव्वानऊ झाले, साडेनऊ झाले. काकू जेवेनात. त्या सगळ्यांत मोठ्या, म्हणून बाकीचे दहा जणही चमचे खाली ठेवून बसले. आमच्याकडे एक वाजून गेला तरी आकडे येईनात. शेवटी जोसेफ तेवढ्यासाठी एकटाच हॉटेलवर जाऊन आला. मग मशीन खडखडलं.

‘मून डिलेड. नोबडी ईटिंग. बँड ऑल्सो नॉट ईटिंग, फॉर रिस्पेक्ट.’

दीड तासानं दुसरा आला. ‘मून केम. आउट इलेव्हन, इन इलेव्हन. ऑल हॅपी, बँड व्हेरी हंग्री.’

*

“जोसेफ माणूस हरवायचा नाही,” नानाकाका आतल्या खोलीच्या दारात येऊन म्हणाले. त्यांच्या हातात अर्धी पोळी होती, ती ते खात नव्हते.

“तुम्ही तिथून निघालात तेव्हा जोसेफ शाळेत होता, नानाकाका,” मी म्हणाले. त्यांच्याशी मी असं कधी बोलले नव्हते. ते मशीनपाशी गेले आणि त्यांनी स्वतः टेलेक्स टाइप केला: आठवी व्यक्ती कुठे आहे, त्वरित कळवा. मशीन गप्प.

मी पान उलटलं.

चँडलरचा एक तरुण इंजिनियर होता, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीतला. त्यानं प्रवासातल्या धोक्यांच्या सूचना इतक्या वाचल्या होत्या की क्लबसमोर व्हॅन थांबल्यावर तो उतरेचना. बायको उतरली, तिचे आईवडील उतरले. यानं आतून चारी दारं लॉक केली. डेब्रानं हा किस्सा पुढे बऱ्याच जणांना सांगितला. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटायचं नाही. मीही उतरले नसते.

जोसेफनं वाद घातला नाही. व्हॅन नेऊन क्लबच्या उघड्या खिडकीला चिकटून लावली, आणि आत जाऊन जेवला.

‘आउट सिक्स, इन सिक्स. वन डान्स्ड इनसाइड व्हॅन. व्हॅन ओके.’

सहा, सहा. मी दोन्ही आकड्यांवरून बोट फिरवून पाहिलं.

*

फाइल संपली. एकदाही एक जण कमी नव्हता.

मग उरला तो आईचा कागद, फाइलमध्ये नसलेला.

बाबा गेल्याला चौदा महिने झाले होते. दिवसभर आई ठीक असायची, भाजी आणायची, शेजारच्या मुलींच्या वह्या तपासायची. दिवेलागणीला मात्र दार लावून घ्यायची. “संध्याकाळ अंगावर येते,” एवढंच म्हणायची. इकडे यायला तयार झाली तीच मोठी गोष्ट. पत्रात तिनं स्पष्ट लिहिलं होतं: ‘त्या नैरोबीत मी खोलीतच बसेन. मला कुठे नेऊ-आणू नका. मधू, माझी एवढी विनंती ऐक.’

मी ऐकली होती. यादीत सातच नावं टाइप केली होती. मग टेलेक्स पाठवायच्या दिवशी ती माझ्या डोळ्यांसमोर आली. परक्या गावात, परक्या पलंगाच्या कडेला, पर्स मांडीवर घेऊन बसलेली, दिवा न लावता. मी यादीत तिचं नाव घातलं.

आणि तिला फोनवर सांगितलं, “आई, ती फेरी तिकिटातच आहे. गेलं नाही तर सकाळचं विमान देत नाहीत.”

ती म्हणाली, “नियमच असेल तर जाईन.”

आईशी मी आयुष्यात फार खोटं बोललेले नाही. मला जमत नाही, आवाज कापतो. त्या दिवशी कापला नव्हता. लाइन खराब होती म्हणून तिला कळलं नाही, की मलाच कळलं नाही, ते मी त्या दुपारी फाइल मिटून बराच वेळ आठवत होते.

डेब्राला हे सांगितलं. ती म्हणाली, “यू लाइड टू युवर मदर टू गेट हर टू अ डान्स?”

“यस.”

“आय लाइड टू माइन टू गो टू वन,” ती म्हणाली, आणि माझ्या हातातला रिसीव्हर घेऊन स्वतः कानाला लावून बसली, कारण माझा कान लाल झाला होता.

*

सव्वादोन झाले. नैरोबीत सव्वाअकरा.

हॉटेलनं पुन्हा तेच सांगितलं. जोसेफ आलेला नाही, खोलीची किल्ली काउंटरवरच आहे. किल्ली काउंटरवर म्हणजे आई खोलीत झोपून गेली असेल ही शेवटची आशाही गेली. फ्रीमाँटच्या काकूंना उठवाल का, मी विचारलं. त्यांनी उठवलं. काकू झोपेत होत्या. “अगं, त्या आमच्याबरोबरच होत्या. व्हॅनमध्ये बसताना जोसेफ त्यांच्याशी काहीतरी बोलत होता. मग तो एकटाच आला आणि म्हणाला, लेट्स गो. मला वाटलं दुसरी गाडी असेल.”

“तुम्ही विचारलं नाहीत?”

“मुलं पेंगत होती गं,” काकू म्हणाल्या, आणि मग एकदम पूर्ण जाग्या झाल्या. “त्या आल्या नाहीत?”

मी फोन ठेवला. नानाकाका सगळ्या नैरोबीत त्यांना आठवतील तेवढ्या लोकांचे नंबर एका पाकिटामागे लिहीत होते. त्यातले निम्मे आता नसणार हे त्यांना माहीत होतं, तरी लिहीत होते. मी ऑपरेटरला पुन्हा क्लबचा नंबर दिला.

“मॅम, ऑन धिस नंबर आय हॅव ट्राइड सेव्हन टाइम्स.”

“प्लीज,” मी म्हटलं.

रिंग सुरू झाली. मी मोजत होते. मोजलं की मला धीर येतो. अकरा, बारा. डेब्रानं टायपिंग थांबवलं. एकोणीस. नानाकाकांनी पेन खाली ठेवलं. सव्विसाव्या रिंगला खट्‌ आवाज झाला, आणि रिसीव्हरमधून गिटारींचा असा लोंढा आला की मी तो कानापासून लांब धरला. टेबलापलीकडे डेब्रालाही ऐकू गेलं. मागे खूप माणसं एकाच वेळी हसत होती, कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. मग अगदी जवळून, चुकीच्या नंबरवाल्याशी बोलतात तशा चढ्या आवाजात, मराठीत:

“हॅलो, कोण पाहिजे? जरा मोठ्यानं बोला हो, इथे गाणं चालू आहे.”