एकादशीचा कौल

दादाचे डोळे पहिल्यांदा नाचले ते जेवताना. पेडव्याचा काटा काढत होता, आणि बुबुळं झटक्याने उजवीकडे पळायची, सावकाश परत यायची, पुन्हा पळायची. थोरला भाऊ, होडीचा तांडेल. म्हणाला, "दर्या डोळ्यांत रवलो आसा. जमनीर रवलंय काय थांबतलो."

मी घरातला शिकलेला. मोबाइलवर वाचून निदान केलं, कानातला तोल बिघडला. माझ्या निदानावर घरात कोणी औषध घेत नाही, मीसुद्धा.

वहिनी म्हणाली, डॉक्टरकडे नेऊया. पण आमच्याकडे ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय मोठं काही होत नाही. गुरव मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर थांबा. त्या दिवशी एकादशी, आणि एकादशीला आमचा देव कौल देत नाही. दुसऱ्या दिवशी डावी पडली. थांबलो. दादा भिंत धरून चालू लागला, तसं शेजारणीने विचारलं, "तांडेल आता सकाळीच घेतत काय गो?"

ओकाऱ्या थांबेनात तेव्हा वहिनीने कोणालाच न विचारता गाडी बोलावली. गोव्यातले डॉक्टर विचारत गेले: दारू? फिटची गोळी? कानात आवाज? जन्मापासून असं? प्रत्येक 'नाही'ला मी खूश, जणू पेपर सोपा आलाय. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरत होता. फोटोत लहान मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन लगेच करायला हवं, पण खात्री देत नाही, म्हणाले.

ऑपरेशनाच्या सकाळी, नेमकी पुढची एकादशी, दादाला उपाशी ठेवलं. "बरा झाला," तो म्हणाला, "एकादशी पण घडली." मग न्यायला माणसं आली तेव्हा अडून बसला. "कौल लावल्याशिवाय मी जावचंय नाय."

वहिनी फोन घेऊन जिन्यात गेली. परत आली. "गुरवाक सांगून लावून घेतलंय. उजवो दिल्यान."

मी तोंड उघडलं. दादाने माझं मनगट दाबलं. त्याचे डोळे वहिनीच्या चेहऱ्यावर टेकायला बघत होते, टेकत नव्हते.

"दिल्यान मा?" तो म्हणाला. "मग झाला."

दादा त्या टेबलावरून उठला नाही.

बाराव्याला गुरव जेवायला आला होता. पान पुढे ओढत म्हणाला, "आत न्हेवच्या आधी एकदा कौल लावक होयो होतो."

"लावललो," वहिनी त्याला भात वाढत म्हणाली. "उजवो दिल्यान."

गुरवाने माझ्याकडे बघितलं. मी मीठ मागितलं.