चार पावलं

मनीषनगरच्या वळणावरचा चप्पल शिवणारा गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी चपलेचा तळ पाहतो. "टाचेवर लय जोर देऊन राह्यले," असं पुटपुटतो.

पाय मुरगळला तेव्हाच माझी चप्पल तुटली. तिसऱ्या दिवशी ती घेऊन ऑटोतून उतरलो, तर त्यानं ती हातातच घेतली नाही.

"चार पावलं चालून दाखवा, भाऊ."

दुसऱ्याच पावलाला मी त्याच्या छत्रीचा दांडा धरला. त्यानं घोट्याचं हाड अंगठ्यानं हलकंच दाबलं. मी ओरडलो.

"आजच एक्स-रे काढा."

"मालिश चालू आहे. उतरेल सूज."

मांडीवरचं पोतं सारून तो उठला. इतक्या वर्षांत त्याला उभं मी प्रथमच पाहिलं. तो चार पावलं चालला. डावं पाऊल आडवं पडत होतं.

"म्या बी मालिशच केली होती."