दोनदा मोजलेला दात

थोरलीला हेवा वाटायचा. आडून आडून कशाला सांगायचं? बावन्न वर्षांची बाई, केस अर्धे पांढरे, जवळचं बघायला एक चष्मा आणि लांबचं बघायला दुसरा, आणि जळायची कोणावर, तर पाठच्या सख्ख्या बहिणीवर. जळते म्हणून स्वतःवर चिडायची आणि चिडून झालं की पुन्हा नव्या दमानं जळायची. तेवढ्यात स्वयंपाकाची वेळ व्हायची.

धाकटी लांबच्या शहरात राहायची, दातांची डॉक्टर होती, आणि आठवड्यातून एकदा फोन करायची. एरवी 'हं' आणि 'बघू' एवढ्या दोन शब्दांवर दिवस काढणारे बाबा तिचा फोन आला की असे काही खुलायचे की हेच ते गृहस्थ का, असा प्रश्न पडावा. हसायचे काय, जुने किस्से सांगायचे काय, 'जेवलीस का' हे तीन-तीनदा विचारायचे काय. थोरली रोज जेवते की नाही हे त्यांना माहीत होतं, कारण ताट तीच वाढायची. म्हणून तिला विचारायचा प्रश्नच नव्हता, पण हे कारण तिच्या पोटातल्या दुखण्याला पटत नसे.

बापलेकीची कामाची खोली स्वयंपाकघराच्या मागे होती. एका भिंतीला दोघांची दोन बाकडी, खिडकीखाली रंधे आणि पटाश्या, कोपऱ्यात कपडे धुवायचं मशीन. या मशीनवरच गोंद लावलेल्या पेट्या सुकत ठेवलेल्या असत. गोंद ओला असताना मशीन हादरून चालत नाही, त्यामुळे या घरात कपडे कोणत्या वारी धुवायचे हे गोंद ठरवायचा. पेट्या दागिन्यांच्या. हातभर लांब नाहीत, वीतभर उंच नाहीत, पण एकीला तीन-तीन आठवडे खाणाऱ्या.

बाबांनी चौतीस वर्षं ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे केले होते. लाकूड अर्धा मिलीमीटर चुकलं तर लोखंड चुकतं, अशा शिस्तीत त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात. बाबा दागिन्यांच्या पेट्या करू लागले. एकोणीस वर्षांपूर्वी थोरली लग्न मोडून दोन बॅगा घेऊन परत आली, तेव्हा त्यांनी काय झालं, कोणाचं चुकलं, काहीएक विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिच्यापुढे एक पटाशी ठेवली आणि म्हणाले, "धार लाव." तिनं महिनाभर नुसती धारच लावली. नंतर तिच्या हातात लाकूड आलं, आणि जे आलं ते पुन्हा सुटलं नाही. पाचसहा वर्षांत तिची नजर अशी तयार झाली की गल्लीत तिचं नाव गुण्याताई पडलं. गुण्या म्हणजे सुतार काटकोन तपासतो ते हत्यार. लोकांच्या घरी गेली की ती बसायच्या आधी भिंतीवरची तसबीर सरळ करायची. नवं कपाट घेतलेली माणसं तिला चहाला बोलवायची ती अंगणात.

गेल्या दोन वर्षांत बाबांचे हात थरथरायला लागले होते. आता पेन्सिलीच्या खुणा त्यांच्या आणि पेटी सगळी तिची. घ्यायला येणारे मात्र 'तुमच्या बाबांच्या हाताला तोड नाही' असं तिलाच तोंड भरून सांगून जायचे, आणि ती 'हो ना' म्हणायची. तिचे स्वतःचे दागिने, म्हणजे दोन बांगड्या आणि एक साखळी, बिस्किटाच्या डब्यात होते. एकदा ती बाबांना म्हणाली होती, "मला एक पेटी करून द्या ना."

"तुला येते की करता," बाबा म्हणाले होते.

आता या कामातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. चांगली पेटी करताना झाकण वेगळं करत नाहीत. पेटी सहाही बाजूंनी बंद करून चिकटवून टाकायची, आणि गोंद सुकला की करवतीनं चारी बाजूंनी कापून तिचं झाकण सोडवायचं. मग झाकणावरच्या लाकडाच्या रेषा खालच्या रेषांशी तंतोतंत जुळतात, आणि ते झाकण जगात त्याच एका पेटीला बसतं. कोपऱ्यात दोन फळ्यांचे दात एकमेकांत अडकवलेले असतात. करवत त्यातल्या एका दातातून जाते आणि जाता जाता दोन मिलीमीटर लाकूड खाते. म्हणून तेवढा एक दात आधीच दोन मिलीमीटर मोठा ठेवायचा. बाबा याला करवतीचा घास म्हणायचे. 'घास सोडलास का?' हे त्यांनी थोरलीला एकोणीस वर्षांत किती वेळा विचारलं असेल, त्याला गणती नाही.

आणि खोलीत शिसवीची एक फळी होती. कपाटामागे, जुन्या चादरीत गुंडाळलेली, काळसर, मधून तांबूस रेषा गेलेली. थोरलीनं ती तीनदा मागितली होती. तीनही वेळा बाबांनी "राहू दे, तिचं ठरलेलं आहे," एवढंच सांगितलं होतं.

धाकटीला पन्नास वर्षं पुरी व्हायच्या दोन महिने आधी बाबांनी एका सकाळी ती फळी स्वतः ओढून बाहेर काढली.

"धाकटीला पन्नास पुरी होताहेत," ते म्हणाले. "तिला पेटी करतो."

"या फळीची?"

"हं. आणि तू हात लावायचा नाहीस. सगळं मी करणार."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षातून चार दिवस येणारी, रंधा कोणत्या बाजूनं धरतात हे ठाऊक नसलेली, त्या खोलीत आली की शिंकणारी धाकटी, आणि तिला ही फळी. दिवसभर तिनं कामाचं एक वाक्य सोडून तोंड उघडलं नाही, आणि गंमत म्हणजे ते बाबांच्या लक्षातही आलं नाही.

पुढचे सहा आठवडे तिनं जे पाहिलं ते पाहणंही शिक्षाच होती. बाबांची पटाशी घसरायची. एक बाजू वाया गेली, पुन्हा कापली. दुसरी गेली, ती पुन्हा कापली. दातांमध्ये फटी राहिल्या, आणि बाबांनी त्या भुसा आणि गोंद कालवून भरल्या. फट भरण्याला ते आयुष्यभर 'थाप' म्हणत आलेले. लाकडाला थापा मारू नकोस, हे त्यांचं लाडकं वाक्य. थोरलीची एक पेटी त्यांनी अशाच एका थापेपायी चुलीत घातली होती. आता स्वतः मान खाली घालून थापा मारत बसले होते, आणि कोणासाठी, तर धाकटीसाठी. माझ्यासाठी एखादी साधी पेटीही कधी करावीशी वाटली नाही यांना, असं तिच्या मनात यायचं, आणि तिच्या बाकड्यावरची पटाशी उगाचच खोल जायची.

पेटी चिकटली, सुकली. एका दुपारी जेवण झाल्यावर बाबा तिच्या बाकड्याशी येऊन उभे राहिले.

"झाकण तेवढं कापून दे," ते म्हणाले. "हात सरळ चालणार नाही माझा."

म्हणजे सहा आठवड्यांनी शेवटी आठवण झाली. तिनं पेटी पुढ्यात घेतली, जवळचा चष्मा लावला आणि पट्टी ठेवून कापायचा दात मोजला. सहा मिलीमीटर. बाकीचेही सहाच होते. ती थांबली. पट्टी उचलून तिनं पुन्हा ठेवली आणि पुन्हा मोजला. सहाच.

बाबा घास सोडायला विसरले होते.

यावर उपाय होता, आणि तो तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर टांगलेला होता. बारीक पात्याची करवत. तिनं कापायला तासभर लागतो, पण ती जेमतेम अर्धा मिलीमीटर खाते. तेवढं कमी झालेलं तिच्याशिवाय जगात कोणाला दिसलं नसतं. तिच्या शेजारच्या खिळ्यावर रोजची जाड करवत होती.

थोरलीनं जाड करवत काढली.

हात चुकला वगैरे काही नाही. असा सरळ काप तिनं वर्षभरात मारला नसेल. खर्र खर्र करत चारी बाजू पार पडल्या, कडा पॉलिशपेपरवर घासून सपाट झाल्या, आणि झाकण सुटलं. बाबा स्टुलावर बसून ऐकत होते. तिनं पेटी बंद करून त्यांच्या हातात दिली. चारी कोपऱ्यांत सहा-सहाच्या रांगेत मध्येच एक दात चारचा झालेला, एखाद्याचा दात निम्मा तुटावा तसा. काळजात एक गार समाधान पसरलं, आणि ते पसरतंय हे तिला स्वच्छ कळत होतं.

बाबांनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"घास राहिला," ते म्हणाले.

"हो."

"तुला दिसलं होतं."

"नाही, बाबा."

"दोनदा मोजलंस तू. बरोबर असलं तर तू एकदाच मोजतेस. एकोणीस वर्षं बघतोय मी."

खोटं बोलायला आता जागा उरली नव्हती. "मग मला थांबवलं का नाही?" तिनं विचारलं.

"बारीक करवत घेशील असं वाटलं," बाबा म्हणाले. "नाही घेतलीस, तेव्हा म्हटलं, असू दे. फळी तुझीच आहे."

"माझी?"

"तू आलीस त्या वर्षी आणली. म्हटलं, आधी हात बसू दे हिचा. आपल्याला काय मिळालंय ते कळू दे, मग देऊ करून." त्यांनी झाकण उचलून पुन्हा ठेवलं. "तुझा हात बसला तो असा बसला की माझीच छाती होईना. तू पेटी उलटी करणार, आतून बोट फिरवणार, आणि मग 'छान झालीय, बाबा' म्हणणार. ते 'छान' मला ऐकवलं नसतं. हेवा वाटायचा मला तुझा. अजून वाटतो. धाकटीचं बरं आहे, तिला झाकण लागलं की झालं."

खरं सांगायचं तर थोरलीला पहिल्यांदा आनंद झाला, आणि तो काही फार चांगल्या जातीचा आनंद नव्हता. बाबांना, या चौतीस वर्षं साचे करणाऱ्या माणसाला, आपला हेवा वाटतो. तो आनंद दोन श्वास टिकला. मग तिनं विचारलं, "फळी किती उरलीय?"

"काही नाही. दोन बाजू वाया घालवल्या ना मी."

एकोणीस वर्षं कपाटामागे तिची वाट बघत असलेली गोष्ट तिच्याच हातांनी, तिच्याच करवतीनं दोन तुकडे होऊन समोर पडली होती, आणि आता दुसऱ्या कोणाची तरी होती.

"कडेला बारीक पट्टी चिकटवून देते," ती शेवटी म्हणाली. "दात भरून निघतील."

"नको," बाबा म्हणाले. "बऱ्याच थापा झाल्या तिच्यात. आता ही एक चूक तरी खरी राहू दे."

पॉलिश मात्र त्यांनी तिला करू दिलं. तिनं ते जीव ओतून केलं, सात हात दिले, आणि प्रत्येक हाताला त्या चार दातांवरून कापड नेताना नजर दुसरीकडे फिरवली.

धाकटी तिच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी आली. आल्या आल्या कामाच्या खोलीत शिरली, दोनदा शिंकली, आणि बाबांनी पेटी पुढे केली तसे तिचे डोळे भरून आले. उघड, मीट, उघड, मीट, असं तिनं लहान मुलीसारखं कितीदा तरी केलं. फटी तिला दिसल्या नाहीत, भुसा दिसला नाही. थोरली आपल्या बाकड्याशी पाठ करून हत्यारं पुसत होती. आता 'छान' म्हणेल आणि जेवायला चला म्हणेल, असा तिचा अंदाज होता. पण धाकटी शेवटी दातांचीच डॉक्टर.

"बाबा, हा एक दात बारीक आहे," ती म्हणाली. "चारी कोपऱ्यांत तोच. मुद्दाम ठेवलाय ना?"

बाबांनी थोरलीच्या पाठीकडे पाहिलं. "मुद्दामच," ते म्हणाले. "तेवढं काम ताईचं आहे."

"हो?" धाकटी पेटी छातीशी धरून बहिणीजवळ आली. "मला तोच सगळ्यांत आवडला, ताई. तू माझ्यासाठी केलंस हे?"

थोरलीनं हातातलं फडकं खाली ठेवलं आणि वळून तिच्याकडे पाहिलं.

"तुझ्यामुळे केलं," ती म्हणाली.

धाकटीनं तिच्या गळ्यात हात टाकले. तिच्या लेखी दोन्हींचा अर्थ एकच होता. तिच्या खांद्यावरून थोरलीला बाबा दिसत होते, आणि त्यांनी मान खाली घातली होती.